सिलिंडर शीर्ष व झडपयंत्रणा, मोठ्या एंजिनांची

अंतर्ज्वलन-एंजिनाच्या सिलिंडराचे वरचे तोंड बंद करणारा, ज्वलन कक्षाचे छत म्हणून काम करणारा आणि हवा आत घेण्याचे व जळालेले वायू बाहेर सोडण्याचे मार्ग ज्यात ओतलेले असतात, असा भाग म्हणजे सिलिंडर शीर्ष होय. कारागिरांच्या बोलीत त्याला नुसते ‘हेड’ म्हणतात. या मार्गांच्या तोंडाशी असलेल्या झडपा ठराविक क्षणी उघडणाऱ्या व मिटविणाऱ्या भागांच्या साखळीस झडपयंत्रणा म्हणतात. तीत कॅमदंड, टॅपेट, पुशरॉड, रॉकर, झडप, झडपेची स्प्रिंग, मार्गदर्शक नळी आणि झडपबैठक यांचा समावेश होतो. एंजिन किती हवा घेऊ शकेल, ती किती दाबली जाईल आणि ज्वलनातील उष्णता कोणत्या वाटेने बाहेर पडेल, या तीनही गोष्टी शीर्ष व झडपयंत्रणा मिळून ठरवितात. म्हणून एंजिनाची बांधणी किंवा पुनर्बांधणी करताना या भागांची निवड सर्वांत महत्त्वाची असते.

ही निवड ‘सर्वांत मोठी झडप, सर्वांत रुंद मार्ग’ अशा सोप्या नियमाने होत नाही, असे या भागांच्या इतिहासावरून दिसते. प्रत्येक काळात उपलब्ध इंधन, धातू, पाणी, एंजिनाची गती व दुरुस्त करणारा हात यांनी शीर्षाचे रूप ठरविले. प्रस्तुत लेखात हा इतिहास अमेरिकेतील मोठी पेट्रोल एंजिने, पुण्यात तयार झालेली मोठी डीझेल एंजिने आणि विदर्भातील, विशेषतः बुलढाणा जिल्ह्यातील, मंदगती तेल एंजिने अशा तीन ठिकाणच्या उदाहरणांनी मांडला आहे.

वाफ एंजिनाचे झाकण : बुलढाणा जिल्ह्यात यंत्रशक्ती आली ती कापसाच्या व्यापारामुळे. वऱ्हाडचा कारभार १८५३ मध्ये ब्रिटिशांकडे गेला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) इंग्लंडमधील गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला व वऱ्हाडी कापसाची मागणी एकाएकी वाढली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब व शेगाव या गावांवरून नागपूरकडे गेला आणि १८७० मध्ये जलंब ते खामगाव ही शाखा सुरू झाली. सरकी काढण्याचे व रुईच्या गाठी बांधण्याचे कारखाने यानंतर जिल्ह्यात उभे राहिले. ते प्रथम वाफेवर चालत.

वाफ एंजिनात ज्वलन बाष्पित्रात होते, सिलिंडरात नव्हे. त्यामुळे त्याच्या सिलिंडराचे शीर्ष म्हणजे बोल्टांनी आवळलेले एक जाड झाकणच असे. वाफ आत घेण्याचे काम बहुधा सरकती झडप करी आणि ती सिलिंडराच्या बाजूच्या पेटीत असे. या एंजिनाची देखभाल म्हणजे मुख्यतः बाष्पित्राची देखभाल होती. अंतर्ज्वलन-एंजिनाने ही विभागणी मोडली. भट्टी सिलिंडरातच आल्यामुळे साधे झाकण हा एंजिनाचा सर्वांत तप्त व सर्वांत गुंतागुंतीचा भाग बनला.

आरंभीची अंतर्ज्वलन-एंजिने : निकोलाउस ऑटो (१८३२–९१) या जर्मन अभियंत्याने १८७६ मध्ये चार धावांचे एंजिन यशस्वी केले. त्यानंतर थोड्याच वर्षांत उचलली जाणारी, छत्रीच्या आकाराची झडप सर्वमान्य झाली. आरंभीच्या अनेक लहान एंजिनांत आदान झडपेला कॅम नसे. दट्ट्या खाली जाताना निर्माण होणाऱ्या ओढीनेच ती उघडे व हलकी स्प्रिंग तिला मिटवी. मंद गतीस ही रचना पुरेशी होती, पण गती वाढताच झडप उशिरा उघडे व पूर्ण उघडतही नसे. त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी दोन्ही झडपा कॅमने चालविण्याची पद्धत रूढ झाली.

इंग्लंडमध्ये हर्बर्ट ॲक्रॉइड स्ट्यूअर्ट (१८६४–१९२७) यांनी १८९० मध्ये तप्त कोठीच्या तेल एंजिनाचे पेटंट घेतले व १८९२ पासून हॉर्न्सबी कंपनीने ते बाजारात आणले. त्याच्या शीर्षाला जोडलेली कोठी दिव्याच्या ज्योतीने तापवून एंजिन सुरू करीत व नंतर ज्वलनाच्या उष्णतेनेच ती तापलेली राही. रूडोल्फ डीझेल (१८५८–१९१३) यांचे एंजिन १८९७ मध्ये औग्सबुर्ग येथे यशस्वी झाले. त्यात बाहेरची ज्योत लागत नसे, कारण दाबलेली हवा स्वतःच इंधन पेटण्याइतकी तापे [⟶ डीझेल एंजिन]. मात्र यामुळे शीर्षावरील दाब पुष्कळच वाढला. शीर्ष व सिलिंडर यांमधील सांधा घट्ट राखणे ही तेव्हापासून डीझेल एंजिनाची कायमची अडचण होऊन बसली.

झडपांची जागा : पेट्रोल एंजिनांत बराच काळ झडपा सिलिंडराच्या बाजूला, ठोकळ्यात बसविलेल्या असत. अशा एंजिनाचे शीर्ष सपाट, स्वस्त व काढण्यास सोपे असे आणि रॉकर व पुशरॉड लागत नसत. पण वायूंना वळणे घेत सिलिंडरात यावे लागे आणि ज्वलन कक्ष पसरट असल्यामुळे संपीडन गुणोत्तर वाढविता येत नसे. हॅरी रिकार्डो (१८८५–१९७४) यांनी पहिल्या महायुद्धानंतर अशा एंजिनांसाठी मिश्रणात खळबळ उत्पन्न करणारे शीर्ष तयार केले. त्यामुळे ज्वलन जलद होऊन या रचनेचे आयुष्य वाढले. फोर्डचे १९३२ चे आठ सिलिंडरांचे प्रसिद्ध एंजिन याच जातीचे होते. मुंबईत कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कारखान्याने १९४७ पासून जोडलेल्या क्राइस्लर समूहाच्या गाड्यांतील सहा सिलिंडरांचे एंजिनही बाजूच्या झडपांचे होते.

झडपा शीर्षातच उलट्या टांगण्याची पद्धत ब्यूइक कंपनीने १९०४ पासून अवलंबिली होती. १९१२ मध्ये प्यूजो कंपनीने शर्यतीच्या गाडीत वर दोन कॅमदंड व प्रत्येक सिलिंडरास चार झडपा अशी रचना केली. आजच्या बहुतेक मोटारगाड्यांची शीर्षे तिचीच वंशज आहेत. परंतु सामान्य वाहनांत ती येण्यास दीर्घ काळ लागला, कारण झडपांचे धातू व इंधन यांची तयारी झालेली नव्हती.

निष्कास झडप, धातू व इंधन : आदान झडपेवरून थंड हवा जाते, तर निष्कास झडपेवरून तप्त वायू. भारावर चालणाऱ्या एंजिनात निष्कास झडपेचे तापमान ७००° ते ८००° से. पर्यंत जाते. ती मिटलेली असताना तिच्यातील उष्णता बहुतांशी बैठकीवाटे व उरलेली मार्गदर्शक नळीवाटे शीर्षातील पाण्याकडे जाते. बैठक अरुंद झाली, झडप वाकडी बसली किंवा टॅपेटची फट न राहिल्याने ती पूर्ण मिटली नाही, तर ही वाट बंद होते व झडपेची कड जळते. पहिल्या महायुद्धापर्यंत विमानांच्या एंजिनांत हीच झडप सर्वांत दुबळी होती.

त्यावर तीन बाजूंनी उपाय झाले. क्रोमियम, निकेल, मँगॅनीज यांच्या मिश्रपोलादांनी तप्त अवस्थेतील बळ वाढविले. सु. २१ टक्के क्रोमियम व ४ टक्के निकेल असलेले पोलाद या कामासाठी पुढे जगभर रूढ झाले. झडपेच्या कडेवर कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूचा (स्टेलाइटचा) थर चढविण्यात येऊ लागला. तिसरा उपाय सॅम हेरॉन (१८९१–१९६३) यांनी १९२० नंतरच्या दशकात यशस्वी केला. त्यात झडपेचा दांडा पोकळ ठेवून थोडे सोडियम भरतात. ते सु. ९८° से. ला वितळते व दांड्यात वरखाली हिंदकळत माथ्याची उष्णता नळीकडे नेते.

इंधनाचा परिणामही तितकाच मोठा होता. पेट्रोलातील शिशाच्या संयुगामुळे (१९२१ पासून ज्ञात) अवेळी स्फोटक ज्वलनास आळा बसला व संपीडन गुणोत्तर वाढविता आले. त्याचा आनुषंगिक लाभ असा, की शिशाच्या संयुगांचा पातळ थर झडपबैठकीवर बसून तिची झीज रोखी. शिसे विषारी असल्याने पुढे काढून टाकावे लागले. भारतात शिसेविरहित पेट्रोल १९९५ मध्ये चार महानगरांत व फेब्रुवारी २००० पासून देशभर विकले जाऊ लागले. ज्या जुन्या शीर्षांत बैठक बिडातच कातलेली होती, त्यांत अधिक भारावर झडपा बैठकीत रुतू लागल्या व कठीण मिश्रधातूची वेगळी कडी ठोकून बसविणे आवश्यक झाले. जुन्या एंजिनाचे शीर्ष निवडताना किंवा दुरुस्त करताना प्रथम हीच गोष्ट पाहावी लागते.

अमेरिकेतील मोठी एंजिने : दुसऱ्या महायुद्धानंतर चांगले पेट्रोल मुबलक झाले आणि अमेरिकेत शीर्षस्थ झडपांच्या आठ सिलिंडरी एंजिनांची चढाओढ सुरू झाली. १९४९ मध्ये कॅडिलॅक व ओल्ड्समोबील यांनी आणि १९५१ मध्ये अर्धगोलाकार ज्वलन कक्षासह क्राइस्लरने अशी एंजिने काढली. एकाच कंपनीच्या दोन कुलांपैकी थोराड ठोकळ्याच्या कुलास ‘बिग ब्लॉक’ हे नाव पडले. शेव्हरोलेने १९६५ मध्ये आणलेले ३९६ घन इंचांचे (सु. ६·५ लिटर) एंजिन हे त्याचे नमुनेदार उदाहरण होय. १९७० मध्ये त्याचे ४५४ घन इंचांचे (सु. ७·४ लिटर) रूप निघाले.

या एंजिनाच्या झडपा सरळ रांगेत नसून प्रत्येक झडप वेगळ्या कोनात कललेली आहे. त्यामुळे मोठ्या झडपांना जागा मिळते व उघडताना त्या सिलिंडराच्या भिंतीपासून दूर सरकतात. वर काढलेले दांडे काट्यांसारखे चहूकडे रोखलेले दिसतात, म्हणून या शीर्षास साळिंदराचे टोपणनाव मिळाले. या कुलात दोन जातींची शीर्षे मुख्यत्वे होती : लंबगोल मार्गांची व त्यांहून मोठ्या आयताकार मार्गांची. आदान झडपा सु. ५२·३ मिमी. व ५५·६ मिमी. अशा दोन व्यासांच्या आणि निष्कास झडपा सु. ४३·७ मिमी. व ४७·८ मिमी. व्यासांच्या असत. पुढे मालमोटारींसाठी आणखी अरुंद मार्गांचे शीर्ष निघाले व त्यास भुईमुगाच्या शेंगेवरून नाव पडले.

येथे अनेकांची फसगत होते. आयताकार मोठे मार्ग अधिक हवा सोडतात हे खरे, परंतु मंद गतीस त्यांतून वाहणाऱ्या हवेचा वेग इतका कमी होतो, की इंधनाचे थेंब मिश्रणातून गळतात, सिलिंडर नीट भरत नाही व एंजिनाचा ओढ निर्माण करणारा जोर घटतो. म्हणून शर्यतीसाठी आयताकार, रस्त्यावरील वापरासाठी लंबगोल व ओझे वाहण्यासाठी त्याहूनही अरुंद मार्ग, असा क्रम व्यवहारात ठरला. १९७१ च्या सुमारास प्रदूषण नियंत्रणासाठी संपीडन गुणोत्तरे उतरविण्यात आली, १९७३ मध्ये तेलाचे संकट आले आणि मोटारगाड्यांतून ही एंजिने हळूहळू निघून गेली. मालमोटारींत मात्र ७·४ लिटरचे एंजिन विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकले.

निवडीची गणिते : शीर्ष बदलताना प्रथम ज्वलन कक्षाचे घनफळ मोजावे लागते. ७·४ लिटरच्या एंजिनात एका सिलिंडराचे घनफळ सु. ९३० घ. सेंमी. आहे. या कुलातील शीर्षांचे बंदिस्त कक्ष सु. १०९ घ. सेंमी. व खुले कक्ष सु. ११९ घ. सेंमी. असतात. दट्ट्या सपाट व गॅस्केट धरून उरलेली मोकळी जागा १५ घ. सेंमी. मानली, तर संपीडन गुणोत्तर अनुक्रमे सु. ८·५ व ७·९ येते. ते वाढविण्यासाठी दट्ट्याचा माथा उंच करतात. पण खुल्या कक्षासाठी घडविलेला उंच माथा बंदिस्त कक्षाच्या शीर्षावर आदळू शकतो. म्हणून शीर्ष व दट्ट्या ही जोडी एकत्रच निवडली पाहिजे.

दुसरे गणित झडपेच्या उचलीचे आहे. रॉकरच्या दोन भुजांचे प्रमाण या एंजिनात १·७ आहे. कॅमने टॅपेट ८ मिमी. उचलला, तर झडप १३·६ मिमी. उघडते. प्रमाण १·८ केले, तर १४·४ मिमी. उघडते. या जादा उचलीसाठी स्प्रिंगची वेटोळी एकमेकींवर टेकत नाहीत ना, वरची टोपी नळीला लागत नाही ना आणि झडप व दट्ट्या यांत फट उरते ना, हे तिन्ही तपासावे लागते. शीर्षाचे पृष्ठ तासले किंवा गॅस्केटची जाडी बदलली, की रॉकर व पुशरॉड यांचा परस्परकोन बदलतो आणि योग्य लांबीचा पुशरॉड नव्याने ठरवावा लागतो.

तिसरे गणित गतीचे. चार धावांच्या एंजिनात भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक झडप एकदा उघडते. दर मिनिटास ५,००० फेऱ्यांना ती २,५०० वेळा, म्हणजे सेकंदाला सु. ४२ वेळा, उघडझाप करते. झडपेला परत फिरविण्यास लागणारे बल गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ते स्प्रिंगच्या बळापलीकडे गेले, की झडप कॅमचा माग सोडून तरंगू लागते व दट्ट्याची धडक खाऊ शकते. उलट, गरजेहून ताठ स्प्रिंग कॅम व टॅपेट अकाली झिजविते. म्हणून कॅम, टॅपेट, स्प्रिंग व रॉकर हे एका संचातील असावेत, असा नियम रूढ झाला.

पुण्यातील मोठी डीझेल एंजिने : महाराष्ट्रात साताऱ्यास धनजीशा कूपर (१८७८–१९४७) यांच्या कारखान्याने १९३० नंतरच्या दशकात डीझेल एंजिने बनविण्यास आरंभ केला. शंतनुराव किर्लोस्कर (१९०३–९४) यांनी १९४६ मध्ये खडकी येथे किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापिली व १९६२ मध्ये अमेरिकेतील कमिन्स कंपनीच्या भागीदारीने कोथरूड येथे किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली.

कमिन्सच्या रचनेचे १४ लिटरचे सहा सिलिंडरी एंजिन (व्यास १३९·७ मिमी., धाव १५२·४ मिमी.) जनित्रसंच व अवजड यंत्रे यांत प्रसिद्ध आहे. आकाराने ते अमेरिकेतील मोटारगाड्यांच्या एंजिनाच्या जवळजवळ दुप्पट असले, तरी त्याच्या शीर्षाची दिशा अगदी वेगळी आहे. प्रत्येक सिलिंडरास चार लहान झडपा असून एका रॉकरने दोन झडपा एका आडव्या दुव्यामार्फत उघडतात. तिसरा रॉकर इंधनाचा अंतःक्षेपक चालवितो. शीर्ष सलग नसून दर दोन सिलिंडरांस एक, अशी तीन शीर्षे आहेत. लांब सलग शीर्ष तापून वाकण्याचा धोका त्यामुळे कमी होतो आणि एका जागी तडा गेल्यास एक तृतीयांश भागच बदलावा लागतो.

वऱ्हाडातील मंदगती एंजिने : सरकीचे कारखाने, तेलघाणे, पिठाच्या गिरण्या व विहिरींवरील पंप यांत तेल एंजिनाने वाफेची जागा घेतली, कारण त्याला बाष्पित्र नको व ते काही मिनिटांत सुरू होते. इंग्लंडच्या लिस्टर कंपनीने सु. १९३० मध्ये आणलेले एक सिलिंडरी एंजिन (व्यास ११४·३ मिमी., धाव १३९·७ मिमी., सु. १·४ लिटर) दर मिनिटास ६०० व पुढे ६५० फेऱ्यांनी चाले. त्याच धर्तीची एंजिने नंतर राजकोट येथे मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. मूळ एंजिनाच्या शीर्षात एक जादा कोठी व ती बंद करणारी फिरकी असे. थंड एंजिन सुरू करताना कोठी बंद ठेवून संपीडन वाढवीत व भार आल्यावर ती उघडून कमी करीत. ज्वलन कक्षाचे घनफळ बदलण्यासाठी अमेरिकेत शीर्ष बदलावे लागे, तेच काम येथे हाताने फिरकी फिरवून होई.

खडकीच्या एक सिलिंडरी एंजिनांपैकी ८७·५ मिमी. व्यास व ११० मिमी. धावेचे, ६६१ घ. सेंमी. चे, दर मिनिटास १,५०० फेऱ्यांचे एंजिन अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतही सर्वत्र आढळते. त्याची आदान झडप ऊर्ध्वबिंदूच्या ४·५° आधी उघडते व अधोबिंदूनंतर ३५·५° ला मिटते. निष्कास झडप अधोबिंदूच्या ३५·५° आधी उघडून ऊर्ध्वबिंदूनंतर ४·५° ला मिटते. दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या असण्याचा काळ केवळ ९° आहे. शर्यतीच्या मोठ्या पेट्रोल एंजिनात तो ८०° वा त्याहूनही अधिक असतो. असा कॅमदंड मंदगती एंजिनात घातला, तर सिलिंडरातील हवा आल्या वाटेने परत जाईल, दाब साधणार नाही व एंजिन हँडलने सुरूच होणार नाही.

हाताने सुरू करता येणे ही या एंजिनांची मोठी अट होती. त्यासाठी झडपयंत्रणेत एक छोटी तरफ असते. ती झडप उघडी धरून ठेवते, त्यामुळे दाब न होता हँडल फिरविता येते. प्रचक्राला पुरेशी गती आली, की तरफ सोडतात व एंजिन चालू होते. विहिरीवर एंजिन चालविलेल्या शेतकऱ्याला ही क्रिया परिचित आहे.

गतीतील फरक दट्ट्याच्या सरासरी वेगावरून स्पष्ट होतो. वरील लिस्टर धर्तीच्या एंजिनात ६५० फेऱ्यांना तो सेकंदाला सु. ३ मी., खडकीच्या एंजिनात १,५०० फेऱ्यांना ५·५ मी. आणि ७·४ लिटरच्या अमेरिकन एंजिनात ५,००० फेऱ्यांना सु. १७ मी. पडतो. मंद गतीमुळे साध्या बिडाचे शीर्ष, एकेरी स्प्रिंग व दोन झडपा वर्षानुवर्षे पुरतात. साधेपणा हा येथे मागासलेपणा नसून कामाला अनुरूप अशी निवड आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील परिस्थिती : जिल्ह्याच्या उत्तर भागात पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद व नांदुरा या तालुक्यांतील काही भागांत विहिरींचे पाणी ओलितासही अयोग्य ठरण्याइतके खारट आहे. असे पाणी एंजिनाच्या शीतनास वापरले, तर त्यातील क्षारांचा थर शीर्षाच्या पाण्याच्या पोकळीत बसतो. हा थर बिडाच्या मानाने वीस ते पंचवीस पटींनी कमी उष्णता वाहून नेतो. पाणी वाहत असूनही निष्कास झडपेच्या बैठकीभोवतालचे बीड तापते आणि दोन झडपांमधील अरुंद पट्टीत तडा जातो. तडा गेला, की दोष बहुधा शीर्षाच्या ओतकामास दिला जातो व तसेच नवे शीर्ष आणून बसवितात. पोकळी न घासता व पाणी न बदलता बसविलेले हे नवे शीर्षही त्याच वाटेने जाते. अशा भागात पावसाचे वा मृदू केलेले पाणी टाकीत साठवून तेच फिरवीत ठेवणे, हे चांगल्या शीर्षाच्या खरेदीइतकेच आवश्यक असते.

खारपाणपट्ट्याबाहेर पंपाचेच थंड पाणी एंजिनातून सोडण्याची पद्धत रूढ होती. तिचा दोष उलट प्रकारचा आहे. सिलिंडर गरजेपेक्षा थंड राहतो, इंधनातील गंधकापासून आम्ल तयार होऊन ते भिंतीवर साचते व दट्ट्याची कडी झिजते. तेव्हा पाण्याचा प्रवाह आवरून एंजिन पुरेसे गरम ठेवावे लागते.

जिल्ह्याच्या भूरचनेतून दुसरा धडा मिळतो. मलकापूर, नांदुरा व खामगाव या गावांवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावरील मालमोटारी सपाट प्रदेशातून जातात, तर बुलढाण्यास येणाऱ्या वाहनांना राजूर घाट किंवा बोथा घाट चढावा लागतो. चढावर एंजिन मंद गतीने, पूर्ण भारावर, दीर्घकाळ चालते व निष्कास झडपा सर्वांत तापतात. दीर्घकाळ प्रचारात असलेल्या टाटा मालमोटारींच्या एंजिनांत (उदा., ६९७ या क्रमांकाचे, म्हणजे सहा सिलिंडर व ९७ मिमी. व्यासाचे, सु. ५·७ लिटरचे एंजिन) पुशरॉडने चालणाऱ्या दोन झडपांची रचना होती, ती अशा कामास साजेशी होती. उच्च गतीस अधिक शक्ती देणारा भाग घाटात उपयोगी पडत नाही, तेथे मंद गतीचा जोर हवा असतो.

दुरुस्ती व सुटे भाग : गावच्या कार्यशाळेत शीर्षाचे पृष्ठ तासणे, झडप घासून बसविणे व मार्गदर्शक नळी बदलणे ही कामे नेहमी होतात. पेट्रोल एंजिनात कक्ष शीर्षातच असल्याने पृष्ठ तासले, की संपीडन वाढते. ज्या डीझेल एंजिनांत इंधनाचा फवारा सरळ सिलिंडरात होतो, त्यांत शीर्ष सपाट असून कक्ष दट्ट्याच्या माथ्यात कोरलेला असतो. तेथे पृष्ठ तासल्याने कक्ष लहान होत नाही, पण झडपा व फवारा तोटी दट्ट्याच्या जवळ येतात. झडपेचा माथा पृष्ठाच्या किती आत आहे, हे मोजल्याशिवाय असे शीर्ष बसविणे धोक्याचे असते. उलट, वारंवार घासून झडपा फार आत गेल्या, तर मोकळी जागा वाढून संपीडन घटते.

गॅस्केटचेही तसेच आहे. वर उल्लेखिलेल्या ६६१ घ. सेंमी. च्या एंजिनाचे संपीडन गुणोत्तर १७·५ असल्याने त्यात मोकळी जागा अवघी ४० घ. सेंमी. असते. ठरलेल्या जाडीपेक्षा ०·५ मिमी. जाड गॅस्केट घातले, तर ती सु. ३ घ. सेंमी. ने वाढते व गुणोत्तर १६·४ वर येते. उन्हाळ्यात हा फरक जाणवणार नाही. परंतु गहू-हरभऱ्याच्या पाण्याच्या दिवसांत, थंडीच्या पहाटे, तेच एंजिन हँडल मारून थकविते. पाण्याची पाळी चुकल्याने होणारे पिकाचे नुकसान गॅस्केटच्या किमतीच्या कितीतरी पट असते.

हलक्या प्रतीच्या सुट्या भागांचा प्रश्न याहून गंभीर आहे. साध्या पोलादाची निष्कास झडप दिसण्यात मिश्रपोलादाच्या झडपेसारखीच असते, पण काही काळ भारावर चालताच तिची कड जळते. मऊ बिडाची नळी लवकर सैल होते, झडप वाकडी बसते व चांगली बैठकही बिघडते. म्हणून झडप, नळी व बैठक यांपैकी एकच भाग बदलण्यापेक्षा तिन्ही तपासून जोडीने बसविणे शेवटी स्वस्त पडते.

अलीकडील स्थिती : १९६० मध्ये स्थापन झालेल्या राज्य विद्युत् मंडळाच्या काळात विजेचा प्रसार होऊन विहिरींवर व कारखान्यांत विद्युत् चलित्रे आली आणि तेल एंजिन बऱ्याच ठिकाणी राखीव साधन बनले. वाहनांत भारत टप्पा ६ ही उत्सर्जन मानके एप्रिल २०२० पासून लागू झाली. नव्या डीझेल एंजिनांत चार झडपा, मध्यभागी उभा अंतःक्षेपक व इलेक्ट्रॉनीय नियंत्रण यांचा प्रसार झाला आहे. मोटारगाड्यांची शीर्षे आता बहुधा ॲल्युमिनियमाची असतात. ॲल्युमिनियम बिडापेक्षा हलके व उष्णतेचे अधिक चांगले वाहक आहे, पण तापल्यावर ते जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे बोल्ट ठरलेल्या क्रमाने व ठरलेल्या पिळाने आवळणे पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचे झाले आहे.

धातू व नियंत्रण बदलले, तरी निवडीचा क्रम बदललेला नाही. एंजिनाने कोणते काम, कोणत्या गतीस करावयाचे हे प्रथम ठरवावे. त्यानंतर इंधन व पाणी पाहावे. मग मार्गांचा व झडपांचा आकार, ज्वलन कक्षाचे घनफळ, कॅमदंड व शेवटी स्प्रिंग असे भाग एकमेकांशी जुळवून घ्यावेत. हा क्रम उलटा करून केवळ मोठा भाग आधी विकत घेतल्यास साडेसात लिटरचे एंजिनही कामास कमी पडते. तो पाळल्यास दोन झडपांचे साधे बिडाचे शीर्ष एका शेताला अनेक वर्षे पाणी देऊ शकते.